कपाटावरचं मीठ

बोक्सिल : पाय आत टाकू नका! आधी मीठ, मग तुम्ही.

देसिक : अगं, माझ्या अंगावर कशाला फेकतेस? भूत असलंच तर कपाटात असेल.

बोक्सिल : तुमच्याही अंगात एक आहे. लग्नापासून बघतेय, मिठाला दाद देत नाही. कुठून उचललंत हे?

देसिक : उचललं नाही, सापडलं. खाली कचऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं होतं बिचारं. वर टाकाऊ सामानाचं स्टिकर. दुपारी ट्रक येऊन चुरा करणार होता. जीव वाचवला मी त्याचा! वॉचमनने तर न मागता ढकलगाडी दिली. एरवी हातातली काडी देत नाही मेला.

बोक्सिल : जीव तुम्ही पंख्यांचेही वाचवलेत. गॅलरीत तीन पंखे लंगडे होऊन पडलेत.

देसिक : त्यातला एक फिरतो.

बोक्सिल : हो, बाहेर वारा सुटला की. आणि आज तर लाकडी सामान! कुणाच्या घरातलं, ते माणूस कसं गेलं, काही ठाऊक नाही. लाकडाला चिकटून येतात हो लोक. पलीकडच्या इमारतीतल्या पार्कबाईंनी असाच आरसा आणला आणि आठवड्यात जावयाची नोकरी गेली.

देसिक : जावई ऑफिसात पिऊन झोपायचा.

बोक्सिल : आरशाआधीही झोपायचाच. तेव्हा नाही गेली ती! ही लाल चवळी घ्या. चारी कोपऱ्यांवर मारा आणि म्हणा, जे कोण असाल ते आपल्या वाटेने जा, परत येऊ नका. जोरात म्हणा, त्यांना ऐकू जायला हवं.

देसिक : आपल्या वाटेने जा! परत येऊ नका! झालं समाधान? आता मी त्याचं तोंड इकडे फिरवतो. तू डोळे मिट.

बोक्सिल : आता हा काय पोरखेळ?

देसिक : मिट तर. हं, उघड! शिंपल्यांची नक्षी, दोन्ही दारांवर करकोचे, बिजागऱ्या पितळी! विकत घ्यायला गेलो असतो तर दुकानदाराने दारात उभं केलं नसतं. आणि आपल्याला फुकट!

बोक्सिल : हे मालसुकताईंचं आहे.

देसिक : नवव्या मजल्यावरच्या? छे! त्या काळी प्रत्येक नवरी असलं कपाट घेऊन यायची.

बोक्सिल : प्रत्येक नवरीच्या करकोच्याला लाल नेलपॉलिशचा डोळा नसायचा. शिंपला निखळला तेव्हा मीच लावलाय तो, माझ्या बाटलीतला. किमची करायला जमलो की ताई सगळ्या बायकांना दाखवायच्या, हा बघा बोक्सिलचा दारुडा करकोचा.

देसिक : पण त्या तर इस्पितळात आहेत.

बोक्सिल : कमरेचं हाड मोडून. पण जिवंत! आणि आपण त्यांना हाकललं! परत येऊ नका म्हणालात तुम्ही!

देसिक : म्हणायला तू लावलंस.

बोक्सिल : केवढ्यांदा म्हणालात!

देसिक : चल, वेचू या सगळं.

बोक्सिल : चवळी वेचाल. मीठ कसं वेचणार? ते गेलं लाकडात. अहो, परवाच ताई म्हणाल्या, थंडीच्या आत घरी येते. आणि इकडे तो ग्यूचल आईच्या पाठीमागे घर रिकामं करतोय. कळलं तर जीव सोडतील त्या.

देसिक : मग कळू द्यायचं नाही. आपल्याकडे राहू दे. आल्या की गुपचूप वर नेऊन ठेवीन.

(फोन वाजतो. चवळीने भरलेली ओंजळ तशीच ठेवून बोक्सिल कोपराने स्पीकर लावते.)

मालसुक : बोक्सिल, कपाट नेलं का गं तुझ्या नवऱ्याने, जुनहोच्या बाबांनी?

बोक्सिल : कु... कुठलं कपाट, ताई?

मालसुक : माझं गं. ग्यूचलला सांगून सकाळी खाली ठेवायला लावलं. स्टिकरसुद्धा लावायला लावलं, नाहीतर त्यांना संशय आला असता. दुसऱ्या कुणी हात लावला तर ओरड, म्हणून वॉचमनला बजावून ठेवलं होतं.

बोक्सिल : अहो, सरळ द्यायचं होतंत!

मालसुक : घेतलं असतं त्यांनी? मी थोडी फळं पाठवली तर दुसऱ्या दिवशी माझ्या दारात फळांची पेटी. दिलेलं टोचतं त्यांना, सापडलेलं गोड लागतं. ऐकत नाहीत ना?

बोक्सिल : नाहीत. ते... ढकलगाडी द्यायला गेलेत.

मालसुक : खूश झाले?

बोक्सिल : नाचत आले.

मालसुक : नाचू दे. सांगू नकोस हं.

बोक्सिल : पण ताई, तुम्ही आल्यावर कपडे कुठे ठेवाल?

मालसुक : पलंगाशेजारी लोखंडी कप्पा दिलाय ना. पुरतो मला.

बोक्सिल : तो इस्पितळातला. मी घरचं विचारतेय.

मालसुक : मीही तेच सांगतेय गं.

बोक्सिल : ...ताई, मी पाप केलंय. ओळखलं नाही मी. मीठ टाकलं कपाटावर.

मालसुक : आणि चवळी?

बोक्सिल : चवळीपण. परत येऊ नका, असंही म्हटलं.

मालसुक : अगं, हसवू नकोस, कंबर दुखते. रडतेस कशाला, वेडे? बरं झालं म्हणालीस. त्या घरातून माझा पाय निघत नव्हता. कुणीतरी हाकलायलाच हवं होतं. ठेवते मी, पेज आली.

बोक्सिल : ऐकलंत?

देसिक : ऐकलं.

बोक्सिल : आता ते त्यांना परत द्यायला निघू नका.

देसिक : नाही. दुपारी भेटायला जाऊ. सांगेन त्यांना, काय कपाट सापडलंय म्हणून! समोरच्या इमारतीतला एकजण टपूनच होता, त्याच्या हातातून ओढून आणलं म्हणेन.

बोक्सिल : सावकाश सांगा. त्यांना आता घाई नाही.