आबांचा तेलाचा दगड

आमच्या विहिरीचं तर विचारूच नका. निमोण्यात ती खणताना तळाला काळ्या, पापुद्र्यांच्या दगडाचा थर लागला. माझ्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, लगेच काम थांबवलं.

"असल्याच दगडात तेल पिकतं. पेपरात आलं होतं. पाण्याचं काय घिऊन बसलाय?"

"आबा, नुसता काळा असून भागत न्हाई. तपासावा लागतो."

"मग तपास की! दोन वर्षं दगडांचं शिकून कॉलेजातनं पळून आलास, कायतरी उपयोग हू दे."

त्यांनी एक तुकडा फडक्यात बांधून दिला. ज्या कॉलेजचं तोंड बघायचं नव्हतं, तिथंच गेलो. सरांनी दगडाची पूड केली आणि परीक्षानळीत तापवली. काचेवर तेलाचे थेंब जमले! सर खुर्चीतून उठलेच. म्हातारा खरा ठरतोय की काय, म्हणून मीही नळीवर वाकलो. मग सरांनी वास घेतला.

"अरे, हे तर शेंगदाण्याचं तेल आहे."

घरी येऊन विचारलं, "आबा, दगडाला काय केलंत?"

"पूजा. तेल चोळल्याबिगर कसा धाडायचा?"

"मग दुसरा तुकडा द्या, कोरा."

"न्हाई. समद्या थराची पूजा झालीय. तिथं आता पहार लावायची न्हाई."

विहीर तिथंच थांबलीय. मी रोज शेजाऱ्याच्या विहिरीवरून हंडे वाहतो, आन् आबा त्याच पाण्यानं दगडाला आंघोळ घालतात.