साय काढलेलं दूध

मांजराची टोपली मांडीवर घेऊन शिंपीणबाई जनावरांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. समोरच्या बाकावर एक सून आणि तिचे सासरे येऊन टेकले. सुनेच्या कुशीत टॉवेलात गुंडाळलेलं कुत्र्याचं पिल्लू होतं. शिंपीणबाईंनी नजर टोपलीवर ठेवली आणि कान समोर लावले.

“बाबा, सकाळपासून सहा वेळा पातळ शी झालीये त्याला. काय खाल्लं, ते डॉक्टर विचारतील.”

“मला काय विचारतेस? हौस तुमची, निस्तरा तुम्हीच. मी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.”

“मग ते तुमच्याच चपलेवर का झोपतं?”

“चप्पल मऊ आहे.”

“मी मोजून त्याचं खाणं देते. पोरांनाही दटावून ठेवलंय. तरी काल त्याच्या मिशांना साय लागली होती.”

“शक्यच नाही. साय काढूनच देतो मी.”

“बाबा.”

“अगं, तू कामावर गेलीस की दाराशी बसून रडतं ते. ऐकवत नाही.”

“पण दुधानं पोट बिघडतं ना पिल्लांचं.”

“तुझ्या नवऱ्याला दुधावरच वाढवला मी. बरं होईल ना गं?”

“पाणी पितंय, शेपूट हलवतंय. होईल. पण दूध बंद.”

“बंद म्हणजे बंद.”

कंपाउंडर वही घेऊन आला.

“पिल्लाचं नाव काय लिहू?”

“अजून ठेवलं नाही हो. घरात एकमत होत नाहीये.”

“गुंड्या लिहा,” सासरे म्हणाले. “त्या नावानं हाक मारली की येतं.”