दोन गावची एक पेशंट

माहं माहेर परतवाड्याच्या अलीकडचं, बुद्धविहाराले लागून घर, बाप संत्र्याच्या बगिच्यात कामाले, माय बी त्याच्याच संगं, आनि आमी चौघी बहिनी, चौघीही घरातच जन्मलो, दवाखाना काय असते ते मी माह्या स्वतःच्या बाळंतपनात पहिल्यांदा पायलं. दहावी झाली तशी लग्न होऊन इकडं मोर्शीच्या बाजूले या गावात आली. मंग सरकारी दवाखान्याच्या आशाताईची भरती निघाली, सरपंचबाई म्हने सुनंदा तू बोलकी हायेस, तूच कर. बोलकी तं मी हायेच, तुमाले आता समजलंच असन! नवरा म्हने गावभर फिरशीन, लोकं काय म्हनतीन. मी म्हनलं, अरे बापा, त्याच लोकाईच्या लेकी-सुना सांभाळाले चालली ना मी.

काय सांगू तुमाले भाऊ, या कामात सबन कसं पायऱ्या-पायऱ्यानं लावेल हाये. गरोदर बाई ज्या गावात नोंदली तिथली आशा तिच्या मागं, आशाच्या वर सिस्टर, सिस्टरच्या वर डॉक्टर, मंग मोर्शीचा दवाखाना, मंग अमरावती. पन आपली पोरगी कुठं एका जाग्यावर राहते? सासरी ओटी भरली का निघाली माहेरी, पहिलं बाळंतपन मायजवळच पाहिजे. सासरची आशा म्हनते गेली ती, आता तिकडचे पाहतीन. माहेरची आशा म्हनते पाहुनी हाये, तिचं सबन सासरी चालू असन. अन् मधातल्या मधात बाई राहून जाते. त्यात माहेरची माय सांगतच नाही कोनाले, म्हनते पोरीले नजर लागन.

प्रतीक्षाचं तसंच झालं. आमच्याच गावची पोरगी, अकोल्यात जुन्या शहरात देलेली. तिची माय कांताबाई, माह्या घरापासून चौथं घर, पन पोरगी येऊन आठवडा झाला तरी तिनं आवाज निघू देला नाही. चौथं घर भाऊ! त्याच आठवड्यात मी त्या गल्लीत पोलिओचे डोज पाजत फिरली, अन् मले पत्ता नाही.

सांगतलं कोनं, तं शमीमबीनं. शमीमबी परतवाड्याची, बांगड्याची पेटी घेऊन गावोगाव फिरते. बाळंतपनाले आलेल्या लेकीले हिरव्या बांगड्या भरतेत, म्हनून कांताबाईनं तिले गुपचूप बलावलं होतं. चौकात मले म्हने, अरे सुनंदा, क्या बताऊं, कांताच्या लेकीच्या हातात बांगडी चढूनच नाही राहिली. लग्नाचा चुडा मीच भरला होता ना, इतकुसा हात, आनि आता साबन लावला तरी बांगडी सरकत नाही. कांता म्हनते माहेरचं खाऊन भरली. भरली कायची, मुंह भी सूजा है उसका.

भरल्या दिवसाची बाई अन् तोंडावर सूज, म्हनजे बीपी वाढेल असन! हातातली पिशवी शमीमबीच्या पेटीवर टाकली आनि जे पळत सुटली!

घरात प्रतीक्षा बाजीवर पडेल, कपाळाले फडकं बांधेल. मी म्हनलं डोकं दुखते का वं? म्हने हो ताई, परवापासून लय, अन् डोळ्यासमोर चमकते. झालं! मी म्हनलं ऊठ. तं कांताबाई दारात आडवी, म्हने दिवेलागनीची येळ हाये, भरल्या पोटाची पोर आता उंबऱ्याबाहेर नाही काढत. मी म्हनलं मावशी, भांडाले मी तुह्यासंग जिंदगीभर तयार हाये, पन आता बाजूले हो. सिस्टरले फोन लावला, ती उपकेंद्रातून तशीच मशीन घेऊन आली, बीपी पायला आनि तिचा चेहराच उतरला. लगेच एकशे आठले फोन. गाडी निघाली म्हने.

आता गाडी येतवर काय करावं, तं मी प्रतीक्षाजवळून तिच्या अकोल्याच्या आशाचा नंबर घेतला. वनिता म्हनून होती. चढलीच मी तिच्यावर, पेशंट तुमची, मले सांगतलं काऊन नाही? ती म्हने माहेरी पोचली म्हनजे तुमची, तुमी पायलं काऊन नाही? मी म्हनो तुमची, ती म्हने तुमची! सिस्टरनं फोनच हिसकला माह्या हातातून, म्हने भांडन मंग करा, पहिले सांगा बीपी कवापासून हाये? वनिता हळूच म्हने, इथंच वाढेल होता, डॉक्टरनं गोळी चालू केली होती. मी कांताबाईकडं पायलं. गोळी बंद! गोळ्या खाल्ल्या का लेकरू काळं होते म्हनून मायनंच बंद केली होती.

मंग पाहा कसं झालं! गाडी आली, सिस्टरनं मोर्शीले फोन करून ठेवला होता, तं तिथं खाट तयार, इंजेक्शन तयार, ते देलं का लगेच अमरावती. तिकडून वनितानं प्रतीक्षाच्या नवऱ्याले घरातून उठवून धाडलं. सिझर झालं, पोरगी झाली. डॉक्टरबाई बाहेर आली, म्हने झटका यायच्या आत आनली म्हनून बरं. मायलेकी दोघी जित्या! भाऊ, त्या वरांड्यात मी कांताबाईच्या गळ्यात पडून इतकी रडली, का भांडायचं राहूनच गेलं.

त्याच्या नंतर मी आमच्या मिटिंगीत उभी राहिली, म्हनलं ओटी भरली का सासरच्या आशानं माहेरच्या आशाले फोन केलाच पाहिजे. साहेब म्हने चांगलं हाये, करा. वरून काही हुकूम नाही, आमचं आमीच चालवून राहिलो. साऱ्याच फोन उचलत नाहीत, खोटं कायले बोलू, पन त्या उचलेपर्यंत मी लावत राहतो. वनिता तं आता माही मैतरीनच झाली, अजून एकदाही भेटलो नाही आमी. अन् कालच दर्यापूरच्या आशाचा फोन आला, कांताबाईची धाकटी लेक तिकडं देलेली, ती माहेरी निघून राहिली म्हने.

थांबा भाऊ, ऐकलं का? तीच हाये, कांताबाई! पाहा कशी भर चौकातून ओरडून राहिली, सुनंदा वं, माही धाकटी आली, सातवा लागला! सबन गाव ऐकून राहिलं. आलीऽऽ मावशी, पोरीले ऑटोतून उतरू तं दे! काय म्हनते? उतरन ती, तू पहिले बीपी पाह्य म्हनते!

जातो भाऊ मी. चहा पिऊन घ्या. साऱ्याईच्या लेकी सुखरूप राहो.