लोकसभेत मारलेली हाक

लंकाबाई : ...आन् मंग म्या तशीच टीव्हीम्होरं उभी ऱ्हायले आन् म्हनलं, "ओ! काय रं, हौशा?" समदं दुकान माज्याकडं बघाय लागलं.

हौशीराम : आय, मला ओट्यावर टेकू तरी दे. दिल्लीवरनं येतोय मी. आधी पाय धुतो, मग सांग.

लंकाबाई : धू की, कोन नगं म्हनतंय? शेठ, तवर तुमी सांगा. तुमच्या तोंडानं ऐकलं की खरं वाटंल त्याला.

फतेचंद : खरंच आहे, खासदारसाहेब. माझ्या दुकानात झालं, मंचरला, भरल्या गिऱ्हाइकात. तू निवडून गेल्यापासून मावशी बाजाराला आल्या की मी केबलवर लोकसभा लावतो. एरवी लावत नाही, त्या चॅनेलनं गिऱ्हाईक पळतं.

हौशीराम : बरं, मग?

फतेचंद : मग कॅमेरा फिरत फिरत मागच्या बाकावर आला. तू दिसलास. तोंड हे एवढं उघडलेलं.

लंकाबाई : आन् मोट्यांदी वरडला, "आय!"

हौशीराम : मी?

लंकाबाई : तूच की! बारका व्हतास तवा आपला मेंढरांचा वाडा कोकनात उतरायचा, आन् घाटात जरा मागं ऱ्हायलास की अस्साच वरडायचास. यवड्या मोट्या सभेत, दिल्लीत, माजी आठवन आली लेकराला. माज्या तर अंगावर काटा आला.

हौशीराम : आय, ते...

लंकाबाई : थांब, म्होरलं ऐक. तू एकला न्हाईस, तुज्या मागनं समदीच म्हनली. "आय!" लुंगीवाला म्हनला, टोपीवाला म्हनला. म्या शेठला म्हनलं, बगा, आयची आठवन कुनाला न्हाई? एकानं काडली की समद्यांना आली.

हौशीराम : शेठ, तू हसू नको.

फतेचंद : मी कुठं हसतोय? खोकतोय.

लंकाबाई : आन् त्यो वरच्या खुर्चीतला मोटा मानूस हाय ना, त्यानं माजं वरडनं ऐकलं का काय कोन जानं. त्यो म्हनला, "ती आईच हाय, ती आईच हाय." दोन बारी म्हनला!

हौशीराम : "दी आईज हॅव इट." अरे देवा. शेठ, तुला माहीत होतं ना? तू सांगितलं नाहीस?

फतेचंद : भाऊ, मी साड्या विकणारा माणूस. मावशी एवढ्या आनंदात, आणि मी तो मोडून काय मिळवणार होतो? शिवाय त्या दिवशी दुकानात आलेली प्रत्येक बाई साडी घेऊनच गेली.

लंकाबाई : काय माहीत व्हतं? काय सांगाय पायजेल व्हतं?

हौशीराम : काही नाही. चहा टाक, आय.

लंकाबाई : टाकते. पर समद्या निरगुडसरला सांगितलंय म्या. पारगावच्या कारखान्यावर ऊस तोडाय आलेल्या बायांना बी सांगितलं. आन् आता मंगळवारी तू एकला उभा ऱ्हाऊन बोलनार म्हनं. शेठ बोलले.

फतेचंद : पेपरात आलंय. चिठ्ठ्या टाकून प्रश्न काढतात, त्यात आपल्या खासदारांचा निघाला. मंगळवारी नाव पुकारणार, हे उठणार, मंत्र्याला विचारणार.

हौशीराम : मंगळवारी मी इथंच आहे.

फतेचंद : इथंच?

हौशीराम : येडगावला सभामंडपाचं उद्घाटन आहे. शब्द दिलाय लोकांना.

फतेचंद : सभामंडप काय येडगावच्या धरणात वाहून जातोय का? बुधवारी कर की.

हौशीराम : बुधवारी मुहूर्त नाही.

फतेचंद : हौशीराम, एका बाकावर बसून शाळा शिकलोय आपण. गुरुजी उत्तर विचारायला लागले की तुझ्या पोटात दुखायचं. आता मुहूर्त आडवा यायला लागला. बाजारात लोक काय म्हणतात ऐकलंस का? म्हणतात, आमचा खासदार हजेरीला पक्का, सही झोकदार, पण मुका.

लंकाबाई : कोन म्हनतंय मुका? त्याला माज्याकडं धाडा. माज्या कानांनी ऐकलंय म्या, "आय" म्हनला त्यो!

हौशीराम : आय, चहा राहू दे. बस इथं. ती हाक नव्हती.

लंकाबाई : मंग काय व्हतं?

हौशीराम : तिथं आय म्हणजे होय. इंग्रजीत.

लंकाबाई : होय?

फतेचंद : त्याचं असं आहे, मावशी. कायदा करायचा असला की वरच्या खुर्चीतले अध्यक्ष विचारतात, मान्य आहे का? मान्य असलेले ओरडतात "आय". नसलेले ओरडतात "नो". ज्यांचा आवाज मोठा, त्यांचं झालं. मग अध्यक्ष सांगतात, होयवाले जिंकले. ते इंग्रजीत तुम्हाला ऐकू आलं तसं लागतं कानाला.

लंकाबाई : म्हंजी, ती आईच हाय असं न्हाई म्हनला त्यो?

फतेचंद : नाही, मावशी.

लंकाबाई : लुंगीवाला बी आयला न्हाई बोलवत व्हता?

हौशीराम : नाही गं.

लंकाबाई : आन् म्या ओ दिली! आगं बया बया! यवड्या बायांम्होरं पदर खवून उभी ऱ्हायले आन् म्हनते, काय रं हौशा! हसा, शेठ, हसा मोकळं. कवाधरनं रुमाल तोंडात कोंबून बसलाय, गुदमरून मराल.

फतेचंद : तुम्हाला राग नाही ना आला?

लंकाबाई : राग कशाचा? कारखान्यावरच्या त्या बाया आता आपल्या लेकरांना सांगत असत्याल, बगा, आयला असं बोलवावं. त्यांना न्हाई बाई म्या सांगाय जात. अरं, डोळ्याला पानी आलं हसून... बरं, हौशा, होय म्हनलास. कशाला होय म्हनलास?

हौशीराम : म्हणजे?

लंकाबाई : त्या दिशी. यवडं बोंबलून होय म्हनलास, ते कशाला?

हौशीराम : विधेयक होतं एक. दुरुस्तीचं.

लंकाबाई : कशाची दुरुस्ती? पंपाची?

हौशीराम : कायद्याची. कुठल्यातरी मंडळाच्या... आता नेमकं आठवत नाही.

लंकाबाई : आठवत न्हाई का ठावं न्हाई?

हौशीराम : आय, तिथं पक्षाचं ठरलेलं असतं. पुढच्या बाकावरची मोठी माणसं होय म्हणाली की मागच्यांनी होय म्हणायचं. सगळेच करतात.

लंकाबाई : पुडलं मेंढरू वड्यात उडी मारतं, की मागची समदी मारत्यात. पानी किती, दगूड कुटं, कुनी बगत न्हाई. म्या मेंढरांना त्यापायी शिव्या घालत उभा जलम काडला, आन् लेक तिथं त्येच करतुया! तू मला हाक मारली न्हाई, त्याचं मला काय बी न्हाई. हेचं वाईट वाटलं बघ. लई वाईट वाटलं.

फतेचंद : मावशी, जाऊ द्या आता.

लंकाबाई : जाऊ कसं द्या? आन् मंगळवारचा प्रश्न? त्यो तुजा हाय का त्यो बी म्होरल्या बाकावरचा?

हौशीराम : तो माझा आहे. एकट्याचा. सोनबामामाची मेंढरं बिबट्यानं नेली ना, त्याचा. वाडा होता येडगावच्या शिवारात. पंचनाम्याला वनखात्याचे साहेब आले तोवर वाडा पुढं गेलेला. साहेबांनी लिहिलं, जागेवर कोणी आढळलं नाही. भरपाई बुडाली.

लंकाबाई : माज्या भावाचा प्रश्न. आन् तू न्हाई गेलास, तर कोन इचारंल?

हौशीराम : कोणी नाही. नाव पुकारतात, माणूस नसला की पुढचा प्रश्न.

लंकाबाई : आन् तू मंडपाची फीत कापत बसनार.

हौशीराम : मला भीती वाटते, आय! झालं? समितीच्या बैठकीत एकदा हिंदीत सांगायला गेलो. म्हटलं, "हमारा वाडा रोज हलता है." मला म्हणायचं होतं, आमचा मेंढरांचा मुक्काम रोज हलतो. त्यांना वाटलं, मोठं घर हलतंय. एकानं विचारलं, "आपके यहाँ रोज भूकंप होता है?" सगळे टेबल बडवून हसले. तेव्हापासून बोलायची वेळ आली की मी काहीतरी काम काढून उठतो. पाच-पंचवीस लोकांत ही गत, मग भरल्या सभागृहात काय होईल?

फतेचंद : मग मराठीत विचार. आधी कळवलं की दुभाष्या देतात म्हणे. काचेच्या खोलीत बसून तो सांगतो, बाकीचे कानाला यंत्र लावून ऐकतात.

हौशीराम : माहीत आहे मला. पण लोक म्हणतील, याला हिंदी येत नाही.

लंकाबाई : येत न्हाईच की!

फतेचंद : हे बरोबर बोललात, मावशी. चल, उठ. मी अध्यक्ष. हा पाट माझी खुर्ची.

लंकाबाई : आन् मी मंत्री.

हौशीराम : आय, तुला काय उत्तर येणार?

लंकाबाई : मंत्र्याला तरी कुटं येतंय? इचार तू.

फतेचंद : माननीय सदस्य हौशीराम.

हौशीराम : अध्यक्ष महोदय, माझा माननीय मंत्रिमहोदयांना असा प्रश्न आहे, की भटक्या मेंढपाळ बांधवांच्या पशुधनाच्या हानीसंदर्भात...

लंकाबाई : साह्यब रजेवर हायेत.

हौशीराम : आय, लोकसभेत असं उत्तर देत नाहीत.

फतेचंद : देतात, देतात. जरा लांबवून देतात.

लंकाबाई : साह्यब रजेवर हायेत. म्होरल्या आठवड्यात या.

हौशीराम : अगं, पण मेंढरं मेलीत!

लंकाबाई : मेलेली मेंढरं घिऊन या.

हौशीराम : घिऊन या? कुटनं घिऊन या? बिबट्यानं खाल्ल्याली मेंढरं कुटनं आनू? मामा वाडा सोडून तुमच्या दारात बसला तर राह्यलेली मेंढरं कोन राखंल, तुमचा साह्यब?

लंकाबाई : हां! ह्यो बघ आला तुजा आवाज. हितं बोलतोस तसं तिथं बोल. शेठ, उद्याच्या गाडीचं तिकीट काडा ह्याचं. येडगावची फीत कापाय मी जाते.

(मंगळवार. मंचरला फतेचंदच्या कापडाच्या दुकानात टीव्ही चालू आहे. समोर साडी बघायला आलेली एक बाई बसली आहे.)

लंकाबाई : आवाज वाडवा, शेठ. पुकारलं का?

फतेचंद : पुकारलं. तो बघा, उठला. पण मावशी, तुम्ही येडगावला जाणार होतात ना?

लंकाबाई : त्यांना म्हनलं, मुहूर्त सांजच्याला काडा. काडला त्यांनी. चूप बसा आता.

टीव्हीवर हौशीराम : अध्यक्ष महोदय, मी मराठीत विचारतो. आमच्याकडं मेंढरं आणि त्यांच्यासंगं फिरणारी माणसं, याला वाडा म्हणतात. हा वाडा रोज हलतो. रात्री बिबट्या येतो, मेंढरं नेतो. पंचनाम्याला साहेब येतात तोवर वाडा पुढच्या गावाला गेलेला. साहेब लिहितात, जागेवर कोणी नाही. माझा मंत्रिमहोदयांना एवढाच प्रश्न आहे. बिबट्याला आमचा वाडा रोज सापडतो, सरकारलाच का सापडत नाही?

लंकाबाई : झालं? समदे नुसतं कानातलं यंत्र दाबत्यात.

फतेचंद : थांबा. दुभाष्याकडनं पोचायला वेळ लागतो. आता बघा... हसले! ते बघा, बाकं वाजवतायत!

लंकाबाई : त्याला हसत्यात का?

फतेचंद : त्याला नाही, मावशी. मंत्र्याला हसतायत.

लंकाबाई : मंग हसू द्या. मंत्री काय म्हनतोय?

फतेचंद : राज्यांकडून माहिती मागवली आहे, आल्यावर बघू, असं काहीसं म्हणतोय.

लंकाबाई : म्हंजी साह्यब रजेवरच हायेत.

फतेचंद : तेच ते. अध्यक्ष म्हणतायत, बसा. पुढचा प्रश्न पुकारला.

लंकाबाई : आन् ह्यो?

फतेचंद : हा बसत नाही. हात वर करून उभा आहे. म्हणतोय, मला उत्तर मिळालं नाही.

लंकाबाई : त्याच्या म्होरल्या बाकावरची मानसं?

फतेचंद : ती बसलीत. त्याला खुणा करतायत, खाली बस म्हणून.

लंकाबाई : आन् तरी उभा? एकलाच?

फतेचंद : एकटाच.

लंकाबाई : ऱ्हाऊ द्या उभा. तुमी ह्या बाईला साडी दावा, कवाची खोळंबलीय बिचारी.