लाखेनं बुजवलेली भेग

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे दोघे मूर्तिकार भाऊ भांडत होते.

“गिऱ्हाइकाला मूर्तीतली भेग दाखवलीस? लाख भरून बुजवली होती मी!”

“म्हणूनच दाखवली.”

“वर छिन्नीही कायमची खाली ठेवलीस. देव सोडलास का, दादा?”

“ज्याचे डोळे मीच कोरले, त्याच्यासमोर तीस वर्षं बिनदिक्कत खोटं बोललो. तो कसला देव?”

“मग देव कुठाय?”

“ज्याला मी घडवलं नाही, तो. सतत समोर असतो. आता खोटं बोलवत नाही.”

“आणि माझी अब्रू गेली, ती नाही दिसली त्याला?”

“दिसली. म्हणून गिऱ्हाइकाला पुढचंही सांगितलं.”

“आणखी काय सांगितलंस?”

“भेग बुजवायला तुला मीच शिकवलं!”

“अरे, हळू बोल! माणसं ऐकतायत.”