बाकावरची जागा

शिंपीणबाई दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. समोरच्या बाकावर म्हातारे चित्रकलेचे मास्तर आणि त्यांची मुलगी. मास्तरांच्या मांडीवर कागद, पेन्सिल चाललेली.

“बाबा, त्या बाईंच्या शेजारी कोणाला काढताय? जागा तर रिकामी आहे.”

“माणूस कुठे काढलाय? भोवतीची जागा काढतोय. वर्गात काय सांगायचो मी?”

“भोवतीची जागा नीट काढा, माणूस आपोआप उमटतो.”

“मग? तुझ्या आईचा डावा खांदा जरा उतरता होता ना?”

“उजवा. पिशवी त्या हातात असायची.”

“उजवा?”

“हो, बाबा.”

“वर्षसुद्धा झालं नाही गं तिला जाऊन.”

“होतं असं.”

“रबर आहे का?”

“वर्गात तर आणू द्यायचा नाहीत. चुकलेली रेघ राहू दे, शेजारी बरोबर काढ, म्हणायचात.”

“मुलांचं ठीक होतं. आहे का?”

“घ्या. तुमच्यापासून लपवून ठेवायची सवय अजून गेली नाही माझी.”

तेवढ्यात एक गृहस्थ शिंपीणबाईंच्या बाकापाशी आले.

“इथे कोणी बसलंय का?”

शिंपीणबाईंनी मास्तरांच्या पेन्सिलीकडे पाहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “बसलंय.”