‘काही कमी नाही’ लिहिलेलं कार्ड

सन्माननीय अध्यक्षा रत्नप्रभाताई, प्रमुख पाहुणे कर्नल शिशिरजी, ज्यांना निरोप द्यायला आपण मराठी मंडळात जमलो ते जयंतराव आणि स्मितावहिनी, आणि चंडीमंदिर, मोहाली, पिंजौरहून बस बदलत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी फिटर माणूस. शाळा नववीपर्यंत, पुढचं जे वाचलं ते आपलं आपणच. त्यामुळे माझ्या बोलण्याला कानस मारलेली नसते.

जयंतराव पिंजौरजवळच्या आमच्या कारखान्यात प्रशिक्षण अधिकारी. सत्त्याण्णव साली त्यांनी आम्हा कामगारांचा वर्ग घेतला. फळ्यावर त्रिकोण काढून त्याचे आडवे पाच कप्पे केले. तळाला अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग आपुलकी, मग मान, आणि शेंड्याला, आपल्यात जे होण्याची ताकद आहे ते होणं. खालची गरज भागली की माणूस वरच्या गरजेसाठी धडपडतो, म्हणाले. मी म्हटलं, “साहेब, ही तर उतरंड झाली. माझी आई मडकी अशीच रचायची. पण तळाचं मडकं ओढलं की वरची सगळी खाली येतात.” त्यांनी हसून त्रिकोणाखाली ‘उतरंड’ असं लिहिलं. माझा मानाचा कप्पा त्या दिवशी शिगोशीग भरला.

मग कार्डं वाटली. तुम्हाला काय हवंय ते लिहा. नाव नको, फक्त कोपऱ्यात टोकन नंबर. शेजारच्या बलबीरसिंगानं पाचही गरजा लिहून खाली कूलर लिहिला. माझ्या कार्डात डोकावून म्हणाला, “ओए, कुछ तो माँग ले यार.” मी काय लिहिलं होतं? पाहुण्यानं विचारलं की आपण म्हणतो तेच. काही कमी नाही, आनंद आहे. वर्गात आम्ही पाच मराठी. पाचहीजणांनी, एकमेकांचं न बघता, हेच लिहिलं. आपण वाढलोच तसे, नाही का?

पुढं बाहेरचा माल आला, ऑर्डरी आटल्या. नव्व्याण्णवला स्वेच्छानिवृत्तीची पहिली यादी लागली. स्वेच्छा कुणाची, ते विचारू नका. वरच्यांनी जयंतरावांच्या कपाटातून कार्डं मागवून घेतली होती, कोपऱ्यात नंबर होतेच. ज्यांना काही कमी नाही, ते आधी. आम्ही पाचहीजण यादीत. बलबीर अजून मशीनवर आहे. चांगला माणूस, त्याला बोल नाही.

घरी आमची मंडळी, सुहासिनी, एवढंच म्हणाली, “कमी नाही असं लिहिलंत? मला विचारायचं तरी.”

तेव्हापासून मी अडकित्त्यात आहे. गावी, कराडच्या घरात भावांचे संसार, तिथं सतरंजीपुरतीही जागा नाही. कारखान्याच्या क्वार्टरची मुदत वाढवत आणली, आता मेअखेर शेवटची. अपूर्वा बारावीला. गावाचं नाव काढलं की म्हणते, “बाबा, वहाँ मैं किससे बात करूँगी?” मी सतरा सेक्टरमधल्या एका शोरूमच्या दारात उभा असतो. दिवसभर लोकांना आत-बाहेर सोडतो. हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही विचारत होतात, मी आनंद आहे म्हणत होतो.

गेल्या महिन्यात दुसऱ्या यादीसाठी तसलीच कार्डं पुन्हा वाटायचा हुकूम आला. जयंतरावांनी कार्डं वाटली नाहीत, राजीनामा दिला. मी घरी गेलो तर नाशिकला जायची खोकी बांधत होते. विचारलं, “तिथं कामाचं काय ठरलंय?” म्हणाले, “काही कमी नाही, काका. आनंद आहे.” स्मितावहिनींनी मान फिरवली. मला माझंच कार्ड दिसलं.

मंडळाची शाल आणि नारळ तर ते घेऊन जातीलच. पण मी दोन कार्डं आणलीत. एक माझं, वाचून दाखवतो. ‘जूनपासून दोन खोल्या हव्यात, अपूर्वाला कॉलेजात बसनं जाता येईल अशा. आणि फिटरचं काम हवं, हात अजून कापत नाहीत. कृष्णकांत.’

दुसरं कोरं आहे. सभागृहात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, फौजेतली मंडळी आहेत. नाशकात कुणाच्या ओळखीचं कुणी असेलच.

अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला. मागितलं, त्याची तेवढी माफी मागत नाही.

जयंतराव, हे पेन. कोपऱ्यात नंबर नको, नाव लिहा.